दवाखान्याच्या कोपऱ्यातली ओल

वाळत घातलेल्या विटांवर एक धडधाकट, चांगला शहाणासुरता दिसणारा माणूस पाइपनं पाणी मारतोय, हे तिनं फाटकातूनच पाहिलं.

विटा कच्च्या होत्या. म्हणजे भट्टीत भाजलेल्या नाहीत, नुसत्या मातीच्या. पेंढा घालून तुडवलेल्या चिखलाच्या, साच्यातून काढून उन्हात मांडलेल्या. त्यांना ऊन हवं, वारा हवा आणि लोकांनी जरा लांब राहायला हवं, एवढंच त्यांचं मागणं. आणि हा गृहस्थ पलीकडच्या बाजूनं कुंपणाच्या भिंतीवरून वाकून, अंगठ्यानं पाइपचं तोंड दाबून, फवारा सगळीकडे सारखा पडेल अशी काळजी घेत त्यांना आंघोळ घालत होता. वर शीळही घालत होता.

"अहो! अहो, काय करताय?"

"पाणी मारतोय," तो प्रसन्नपणे म्हणाला. "भेगा पडायला लागल्या होत्या. म्हटलं, तुमचे गडी विसरले असतील."

"बंद करा ते!" ती विटांपाशी धावत येत म्हणाली.

"झालंच. ही एवढी एक रांग…"

"बंद करा म्हणते ना!"

त्यानं पाइप खाली केला. त्यामुळे पाणी विटांवर पडायचं थांबलं आणि तिच्या पायांवर पडू लागलं.

"कच्च्या आहेत त्या!" ती दातओठ खात म्हणाली. "मातीच्या आहेत. पाण्यानं विरघळतात!"

त्यानं वाकून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या विटांनी अंग टाकायला सुरुवात केली होती. कोपरे गेले होते, कडा बसल्या होत्या. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"अरे… पण बांधकामाला पाणी मारतात ना? आमचे काका सांगायचे, पाणी मारण्यात हयगय नको."

"तुमचे काका सिमेंटचं बोलत असतील."

"हो. कंत्राटदार होते ते."

"मग काका बरोबर. तुम्ही चुकलात."

"सॉरी." तो थोडा घुटमळला. माणूस प्रामाणिक असावा, पण किती असावा यालाही मर्यादा असते. "कालही मारलं होतं. आणि… परवाही. थोडंसं."

तिनं डोक्याला हात लावला. विटा वाळत का नाहीत म्हणून ती गेले काही दिवस हवेला दोष देत होती, मातीला देत होती, पेंढा देणाऱ्याला तर तिनं फोनवर चांगलं झापलंही होतं.

आता ती कोण, तर जुन्या मातीच्या इमारती दुरुस्त करणारी. रीतसर शिकलेली. आणि ती इथे दुरुस्त करत होती तो गावातला सगळ्यात जुना दवाखाना, कच्च्या विटांचा, जाडजूड भिंतींचा, भर उन्हाळ्यातही आत गारवा धरून ठेवणारा. अर्ध्या गावाचा जन्म तिथलाच. पुढे एका कोपऱ्याला तडा गेला, रोग्यांना नव्या इमारतीत हलवलं आणि दाराला कुलूप लागलं. नगरपालिकेनं दुरुस्तीला परवानगी दिली होती ती नाक मुरडूनच. पावसाळ्याआधी तो कोपरा भक्कम आणि कोरडा दिसला तर दवाखाना पुन्हा उघडायचा, नाही तर पाडून तिथे सिमेंटची इमारत. तिच्या हातात एकटीनं आलेलं हे पहिलंच काम. आजवर ती कुणाच्या तरी हाताखाली होती. इथे भिंत पडली असती तर ती तिच्याच नावावर पडली असती.

कोपऱ्याचं दुखणं तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. कुणी तरी फार मायेनं भिंतीच्या पायथ्याला सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटमुळे तिला ती सोडता येईना, आणि ती आतल्या आत कुजत गेली. तिनं तो गिलावा काढला, कुजलेल्या विटा काढल्या, तसल्याच मातीच्या नव्या पाडल्या. वाईट हेतूनं भिंतीचं नुकसान केलेला माणूस तिला अजून भेटायचा होता. जो तो आपला मदत करत होता.

आणि आता हा. कुंपणाच्या पलीकडे त्याची नर्सरी होती. दिवसभर हातात पाइप नाही तर झारी. समोर काहीही सुकलेलं दिसलं की याचा हात चालायचाच.

"मी काय मदत करू?" त्यानं विचारलं.

"काही करू नका. खरंच. तुम्ही काही केलं नाहीत तर फार उपकार होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फाटकात हजर.

"चिखल तुडवायला आलोय," तो म्हणाला. "माझ्यामुळे विटा गेल्या, त्या पुन्हा पाडायला नकोत का?"

"नकोत," ती म्हणाली.

"हव्यात," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे तिची सख्खी आत्या. गिलाव्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि बोलण्यातही नव्हतं. भाचीला स्वतंत्र काम मिळालं म्हटल्यावर ती थापी घेऊन स्वतःहून आली होती. भिंतीकडे लक्ष ठेवायला, असं सगळ्यांना सांगून. प्रत्यक्षात तिचं लक्ष भाचीकडेच जास्त असायचं.

"आत्या, याला काही येत नाही."

"पाय आहेत ना? उतर रे खड्ड्यात."

तो उतरला. चिखल तुडवायलाही एक रीत असते. टाच आधी, मग चवडा, मग पाय ओढून काढायचा, आणि सगळीकडून सारखं फिरायचं. हा एकाच जागी उभा राहून जोरजोरात उड्या मारू लागला. चिखल आत्याच्या चष्म्यापर्यंत उडाला. आत्यानं नुसता चष्मा पुसला, हे त्यातलं सगळ्यात संशयास्पद.

"टाच आधी!" ती काठावरून ओरडली.

"दाखवा की."

"मला दुसरी कामं आहेत."

"नुसतं ओरडण्यापेक्षा दाखवणं सोपं नाही का?"

तिनं चपला काढल्या. रागाच्या भरात काढल्या, हे इथे सांगितलेलं बरं. तिनं खड्ड्यात उतरून एक फेरी मारून दाखवली. तो मागोमाग आला, जिथे तिचं पाऊल उमटलं होतं नेमकं तिथेच आपलं ठेवत. चिखल गार होता, उन्हात पेंढ्याचा गोडसर वास येत होता, आणि मागून तो अगदी मन लावून पुटपुटत होता, "टाच… चवडा… ओढा…" तिला हसू आलं. तिनं ते गिळलं. मग ते आल्याचाच तिला राग आला.

त्यानंतर त्याच्या मदतीला ऊत आला. विटांवर धूळ बसू नये म्हणून त्यानं त्या प्लास्टिकनं गच्च झाकल्या आणि त्यांना घाम फुटून बुरशी धरली. भिंतीचा पायथा उघडाबोडका दिसतो म्हणून त्यानं तिथे वेलीच्या कुंड्या आणून मांडल्या.

"वेल कशाला?"

"भिंतीवर छान चढेल. पांढरी फुलं येतात."

"मुळं भिंतीत शिरतात! आणि वेलीला पाणी कोण घालणार?"

"मी घालीन ना," तो म्हणाला, आणि मग स्वतःच काय बोललो ते लक्षात येऊन कुंड्या उचलू लागला. शेवटची कुंडी छातीशी धरून म्हणाला, "तुमची भिंत फार नाजूक आहे हो."

"भिंत नाजूक नाही. तुम्ही फार आहात."

"फार… काय?"

"नुसतेच फार आहात."

तो हसत हसत गेला. तिला वाटलं होतं, याला राग येईल. नाही आला. चिडणाऱ्याचं एक बरं असतं, भांडून मोकळं होता येतं. न चिडणाऱ्याचं करायचं काय?

एकदा भर दुपारी अवेळीच पाऊस आला. गडी जेवायला गेले होते, आत्या आत लवंडली होती. ती एकटीच ताडपत्री ओढत धावली. एक टोक धरलं तर दुसरं उडत होतं. आणि दुसरं टोक कुणी तरी धरलं. तो कुंपणावरून उडी मारून आला होता. दोघं विटांच्या दोन बाजूंना उभे राहिले, ताडपत्री ताणून धरून. पाणी त्यांच्या मनगटांवरून आत बाह्यांत शिरत होतं. तिनं पाहिलं तर तो तिच्याकडेच पाहत होता, आणि केसांतलं पाणी डोळ्यांत येतंय तरी पुसायला हात सोडत नव्हता.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. प्लास्टिक नको म्हणाला होतात. ताडपत्री चालते का, एवढंच विचारणार होतो."

"पाऊस थांबेपर्यंत चालते."

"मग थांबायला नको," तो म्हणाला, आणि घाईघाईनं पुस्ती जोडली, "म्हणजे… विटांसाठी थांबायला हवा. अर्थातच."

पाऊस लगेच थांबला. पाऊसही कधी विचारून वागत नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळचं एक सुरू झालं. काम आटपलं की गडी पुढच्या हौदावर हातपाय धुवायचे. ती मात्र मागच्या नळावर जायची. हा नळ दवाखान्याच्या त्याच कोपऱ्याशी होता. खाली दगडी फरशी, फरशीला पाणी वाहून जायला छोटी मोरी, आणि दोन पावलांवर कुंपणाची कमरेएवढी भिंत. मागे गर्दी नसते, असं ती सांगायची. गर्दी नसायची हे खरं. पण पलीकडे तो असायचा. नेमक्या त्याच वेळी त्याला कुंपणाजवळच्या गुलाबांची पिकली पानं खुडायची असायची.

"आज किती शिव्या दिल्यात मला?" तो विचारायचा.

"मोजल्या नाहीत. कामात होते."

"म्हणजे आठवण आली होती."

"ठेच लागली की दगडाची येते तशी."

"दगड तरी बरा, तुम्ही त्याच्याकडे वाकून बघता."

ती पायावरचा चिखल चोळत राहायची. वाळलेली माती घोट्याला घट्ट धरते, निघता निघत नाही, हे तिचं म्हणणं. तो विचारायचा, तुम्हाला मातीचंच वेड का लागलं? ती म्हणायची, कारण माती चूक कबूल करते, ओल आली की दाखवते, लपवत नाही. तो म्हणायचा, माणसांनाही तसं जमलं असतं तर किती बरं झालं असतं. ती म्हणायची, तुम्हाला आज कामं नाहीत का? आणि आत जायला निघून आणखी एक वाक्य बोलायला परत यायची. कोपऱ्यावरून ऊन उतरून जायचं, गुलाबावरची पिकली पानं कधीच संपलेली असायची, तो बिचाऱ्या हिरव्या पानांवर आलेला असायचा.

"केवढा वेळ लागतो गं पाय धुवायला," आत्या म्हणायची. "बाकीचे काय शिंगं घेऊन आलेत? त्यांचे कसे निघतात लगेच?"

"आत्या, पुरे."

"मी पायांबद्दल बोलतेय."

मग नगरपालिकेचा इंजिनिअर पाहणीला आला. वयस्कर, कोरडा माणूस. बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून मोजकं. त्यानं कोपरा ओळंब्यानं तपासला, मान डोलावली. मग खिशातून ओल मोजायचं यंत्र काढून भिंतीला टेकवलं आणि मान डोलवायची थांबवली.

"ओल आहे."

"नव्या विटांची असेल," ती म्हणाली.

"नव्या विटांची ओल उतरत जाते. ही खालून चढतेय." त्यानं यंत्र पुसून खिशात टाकलं. "पुढच्या वेळी येईन तेव्हा कोरडी हवी. आणि कारण हवं. कारण कळल्याशिवाय मी सही करत नाही. आज वाळलेली उद्या पुन्हा भिजायची, आणि आत रोगी असायचे. सही नाही म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. सही नाही म्हणजे पाडकाम.

तिनं कोपऱ्याभोवती खणून पाहिलं, छपराची पन्हळ पाहिली. सगळं ठीक. मग तिची नजर कुंपणापलीकडच्या गुलाबांच्या वाफ्यांवर गेली. ती काही म्हणायच्या आतच तो म्हणाला, "उद्या हलवतो." आणि खरंच, भर उन्हाळ्यात, ज्या दिवसांत कुठलाही शहाणा माणूस गुलाब उपटणार नाही त्या दिवसांत, त्यानं सगळी ओळ उपटून लांबच्या टोकाला नेऊन लावली. निम्म्या झाडांनी माना टाकल्या.

ओल तशीच राहिली.

त्या संध्याकाळी ती नळावर आली ती ठिणगी पडायची वाट पाहतच. तो रिकाम्या वाफ्यात उभा होता. आता खुडायला पानंही नव्हती, तरी आला होता.

"खरं सांगा," ती पायावर पाणी घेत म्हणाली, "तुम्ही इथे पाणी घालताय का?"

"नाही."

"मग ओल येते कुठून? वरून पडते?"

"मला काय माहीत? मी थेंब घातलेला नाही."

"तुमचा हात गप्प बसत नाही, हे मला माहितीये! विटांवर कुणी सांगितलं होतं? कुंड्या कुणी मागितल्या होत्या? तुम्हाला वाटतं, तुम्ही मदत करताय. तुमच्या मदतीनं माझी इमारत जाईल, अहो! त्या सिमेंटवाल्यानंही मदतच केली होती!"

त्यानं हातावरची माती झटकली. म्हणाला, "मी त्या दवाखान्यात जन्मलो. माझी आई तिथे नर्स होती. मी त्या भिंतीचं वाईट करीन?"

"करणार नाही. तरी होतं!"

"बरं," तो म्हणाला. "मग मी लांबच राहतो."

आणि गेला. एवढी सगळी भांडणं झाली, पण हा पहिल्यांदाच वळून न बघता गेला. नळ चालूच होता. तिनं तो रागारागानं पिरगाळून बंद केला.

त्यानंतर तो कुंपणाकडे फिरकला नाही. लांबूनच दिसायचा, पाठमोरा, वाकलेला. तिनंही मागच्या नळावर जाणं सोडलं. गड्यांबरोबर हौदावर जायची, दोन तांबे पाणी पायांवर घेतलं की झालं. घोट्याला घट्ट धरणारी माती आता एका हिसक्यात निघायची.

आणि भिंत वाळू लागली. रोज सकाळी ती तळहात लावून बघायची. आधी खालचा काळपट पट्टा आकसला, मग फिका झाला, मग माती हाताला कोरडी आणि किंचित कोमट लागू लागली.

"घ्या," आत्या म्हणाली. "तो यायचा बंद झाला आणि भिंत वाळली."

"मी म्हणत नव्हते?"

"म्हणत होतीस बाई. मग आनंद कर ना. किती दिवस झाले, ताटातलं नुसतं चिवडतेयस."

तिचं बरोबर ठरलं होतं, भिंत वाचत होती, आणि तिला मेलं काही म्हणजे काही बरं वाटत नव्हतं. गडी हळू बोलले तरी ती खेकसायची, मोठ्यानं बोलले तरी खेकसायची. त्यानं खोटं सांगितलं म्हणून तिला राग येत होता. आणि खोटं सांगणारा माणूस वाफे उपटेल कशाला, हा प्रश्न पडला की स्वतःचा येत होता.

एका संध्याकाळी हौद घासायला रिकामा केला होता म्हणून ती मागच्या नळावर गेली. नळ सोडला. पाय धुतले. निघालेही स्वच्छ. पलीकडे, अगदी लांबच्या टोकाला, तो मान टाकलेल्या गुलाबांना काठ्या बांधत होता. पाठ इकडे. आता वळेल, तिला वाटलं. तिनं दुसरा पाय पुन्हा धुतला. आता वळेल. एक गुलाब बांधून झाला, तो दुसऱ्याकडे गेला. तिनं घसा खाकरला. तो कसला ऐकतो? उभ्या उभ्या तिला भयंकर राग आला. एवढी मी इथे वाट बघत उभी आहे, आणि…

टाचेला गार लागलं.

तिनं खाली पाहिलं. मोरी तुंबून भरली होती, फरशीवर पाणी चढलं होतं, आणि तिच्या टाचेमागून ते हळूच, आवाज न करता, फरशी आणि कोपरा यांच्यामधल्या फटीत उतरत होतं. भिंतीच्या पायात.

ती मटकन खाली बसली. नळ बंद करून तिनं मोरी रिकामी होऊ दिली, मग पुन्हा सोडला. घाईघाईनं पाय धुण्याइतकं पाणी मोरी मुकाट्यानं घेत होती. ती आतून बुजली होती, पण तेवढं तिला झेपत होतं. पाणी वाहतच राहिलं की मात्र ती भरायची आणि फटीवाटे सगळं भिंतीच्या पायात. म्हणजे नळ इतका वेळ चालू ठेवायला कुणी तरी हवं होतं. पाय स्वच्छ झाल्यावरही. रोज.

त्यानं थेंबही घातला नव्हता. सगळं तिनंच घातलं होतं.

"अगं आई गं," ती मोठ्यानं म्हणाली. आणि का कुणास ठाऊक, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस आवडतो हे तिला तोवर ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते ओल होऊन भिंतीवर चढेपर्यंत तिनं कबूल केलं नव्हतं, याची तिला फार लाज वाटली. आणि त्याचे गुलाब! त्याच्याकडे जाऊन काय सांगायचं, या विचारात ती आत गेली आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी ती कुंपणापर्यंत जाईतो इंजिनिअरच दारात. त्यानं कोपऱ्याला यंत्र टेकवलं, वर, खाली, बाजूला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"कोरडी आहे. काम चांगलं झालंय."

आत्यानं तिचा दंड दाबला.

"आता कारण," इंजिनिअर म्हणाला. "मी येताना पाहिलं. शेजारचे वाफे हलवलेले दिसतात. वाफे हलले, ओल गेली. सरळ आहे. त्यांना बोलावून घ्या."

नर्सरीवाला फाटकातून आला. हात मातीनं भरलेले, नजर जमिनीकडे. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"तुमच्या वाफ्यांच्या पाण्यानं ही भिंत भिजत होती," इंजिनिअर म्हणाला. "कुंपणालगतची सगळी पट्टी आता कायमची मोकळी ठेवावी लागेल. काही लावायचं नाही, पाणी घालायचं नाही. तसं लेखी देतो. तुमचं काही म्हणणं?"

ती पट्टी म्हणजे नर्सरीतली सगळ्यात चांगली जमीन होती. तिला ते माहीत होतं, त्यानंच सांगितलं होतं, नळाशी.

"नाही," तो म्हणाला. "ठेवतो मोकळी. भिंत राहू दे."

"थांबा," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. गप्प राहिली असती तर सही होत होती. बोलली तर काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं.

"वाफ्यांचं पाणी नव्हतं ते. हा नळ आहे ना, त्याची मोरी बुजलीये. नळ फार वेळ चालू राहिला की पाणी भिंतीच्या पायात उतरतं. काल मी स्वतः करून पाहिलं."

इंजिनिअरनं नळ पाहिला, मोरी पाहिली, बोटानं फट चाचपली. "शक्य आहे. पण त्याला बराच वेळ नळ वाहायला हवा. इथे रोज एवढं पाणी कोण वापरतं?"

"मी. पाय धुते."

"रोज?"

"संध्याकाळी."

"बाई, पाय धुवायला इतका वेळ लागत नाही."

"नाही लागत," ती म्हणाली. तिचे कान तापले होते. "पाय कधीच धुऊन व्हायचे. मी… उभी राहायचे. बोलत."

"कुणाशी?"

आत्याला खोकल्याची ढास लागली. तिनं कसाबसा हात उचलून नर्सरीवाल्याकडे दाखवला. त्यानं मान वर केली. इतक्या दिवसांनी तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला बघता येत होतं पण तोंड मिटता येत नव्हतं.

"ह्यांनी थेंबही घातला नव्हता," ती इंजिनिअरकडे बघत भराभर बोलली, कारण दुसरीकडे बघून तिला बोलता आलं नसतं. "मी ह्यांना नाही नाही ते बोलले. भिंत ओली होती ती माझ्यामुळे. मला तिथून हलावंसं वाटायचं नाही म्हणून. हे कारण आहे. तुम्हाला हवं होतं ना? लिहा."

इंजिनिअरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नोकरीत त्यानं ओलीची बरीच कारणं पाहिली असणार.

"मी 'मोरी बुजलेली' एवढंच लिहितो," तो म्हणाला. "नळ काढून टाका. फट भरा. पट्टी मोकळी ठेवायची गरज नाही." त्यानं तिथेच कुंपणाच्या भिंतीवर कागद टेकवून सही केली. जाता जाता मागे वळला. "आणि उभं राहायचंच असेल, तर ओसरीवर उभे राहा. तिथे पाया मजबूत आहे."

इंजिनिअर गेला. आत्यालाही एकाएकी पुढच्या अंगणातलं काही तरी आठवलं आणि तीही गेली. सही झालेला कागद हातात धरून ती तशीच उभी होती. इमारत वाचली होती. दवाखाना उघडणार होता. ओरडावं, नाचावं, असं काही तरी करायला हवं होतं, आणि तिला नजर वर करायचीच चोरी झाली होती.

"गुलाब गेले ना?" तिनं विचारलं.

"निम्मे गेले. निम्म्यांना फूट आलीये."

"मी येते पुन्हा लावायला."

"तुम्हाला येतं?"

"नाही. दाखवा की."

तो हसला. मग जरा जवळ आला आणि मातीचे हात पँटला पुसत म्हणाला, "एक विचारू? मला इतके दिवस वाटत होतं… तुम्हाला माझा राग येतो."

"येतोच!" ती म्हणाली. "तुम्ही आलात की येतो. मदत केलीत की येतो. गप्प बसलात की तर विचारूच नका. आणि मध्यंतरी तुम्ही आला नाहीत ना, तेव्हा इतका आला, इतका आला, की मला जेवणही गेलं नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. "आता काय करू?"

"रोज या," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच वर बघून, भरल्या डोळ्यांनी, चांगलीच चिडून म्हणाली, "आणि काही म्हणजे काही मदत करू नका."